जेनोव्हाच्या धक्क्यावरची नरकचतुर्दशी

"तूही चल," असं हे म्हणाले तेव्हा मी पाट्यावर मसाला वाटत होते. अंबरनाथच्या कारखान्यात इटलीहून नवी यंत्रं यायची होती आणि ती शिकायला यांना सहा महिने जेनोव्हाला धाडत होते. माझ्या तिकिटासाठी पाटल्या मोडल्या. आई हळहळली, मी नाही. यांनी अट मात्र घातली, "तिकडे गावठीपणा नको. मोठ्यानं बोलायचं नाही, डोक्यावर काही घ्यायचं नाही." मी जांभूळ गावच्या शेतकऱ्याची पोर, लहानपणापासून डोक्यावर हंडे वाहिलेली. राग आला, पण बोटीचं तिकीट हातात होतं म्हणून गिळला.

गरम कोट घ्यायला उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात गेलो. दुकानातली सिंधी बाई फाळणीत कराचीहून जहाजानं आलेली. कोट बांधता बांधता म्हणाली, "बेटी, जहाज पे पानी देख के वापरना. चारों तरफ पानी, और पीने को तरसते हैं." मी हसले आणि विसरले.

मुंबईहून एडन, सुएझ करत पंधरवडा लागला. जाणाऱ्यांनी लिंबाचं लोणचं आणि तांदूळ बरोबर घ्यावेतच. बोटीवरच्या जेवणाबद्दल न बोललेलं बरं.

जेनोव्हात हॉटेलचं भाडं ऐकून यांचा चेहरा उतरला. मग यांच्या तिथल्या कारखान्यातल्या मुकादमानं जागा सुचवली, तीही बंदरात बांधलेल्या एका यॉटवर. मालकीण श्रीमंत विधवा, वर्षातून दोन-चारदा यायची. एरवी बोट सांभाळायला म्हातारा बेप्पे आणि त्याची बायको रोझा तिथेच राहत. मालकिणीच्या परवानगीनं त्यांनी आम्हाला एक खोली दिली. हॉटेलच्या एका दिवसाच्या पैशात इथे आठवडा निघायचा.

यॉट म्हटलं की चैन डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ते आमच्या चाळीसारखंच, फक्त हलणारं. बेप्पे सकाळी समुद्राच्या पाण्यानं डेक घासायचा, मग पितळ चकचकीत करायचा, वाऱ्याप्रमाणे दोर सैल-घट्ट करायचा. रोझा धक्क्यावरून चण्याच्या पिठाची गरम पोळी आणायची, ती आपल्या धिरड्याची सख्खी बहीणच. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि पेलाभर गोड्या पाण्यात विसळायची. गोड्या पाण्याची होडी फक्त सोमवारी येई. टाकी भरली की आठवडा काढायचा. हे सगळं रोझानं मला खुणांनी दोनदा समजावलं होतं.

आणि दिवाळी आली. नरकचतुर्दशी शुक्रवारी होती आणि मालकीण त्याच दुपारी येणार होती. मागच्या खेपेला बोटीवर काहीतरी कमी पडलं, तेव्हा तिनं बेप्पेला बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर बोट सोडायची. जमिनीवर त्या दोघांचं घर नव्हतं. हे मला माहीत होतं, पण नरकचतुर्दशीच्या पहाटे डोक्यात फक्त अभ्यंगस्नान होतं. यांना तेल चोळलं, उटणं लावलं. पायाखाली फोडायला कारिट कुठून मिळणार? यांनी हिरवा टोमॅटो टाचेखाली फोडला. स्टोव्हवर पातेल्यांमागून पातेली तापवली आणि दोघांनी मनसोक्त आंघोळ केली. घरापासून इतक्या लांब दिवाळी झाली म्हणून मला रडू आलं.

सकाळी रोझानं नळ उघडला. तो खोकला आणि गप्प झाला.

तिनं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. बेप्पे टोपी हातात घेऊन फळीवर बसून राहिला. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

मासळीबाजारामागे एक नळ होता, बराच लांब. मी रोझाची दोन मोठी पातेली उचलली, टॉवेलाची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

"अगो, लोक बघतील," हे पुटपुटले.

"बघूदे. मना पानी भरता येतं," मी मोठ्यानं म्हटलं. दोन्ही अटी एकदमच मोडल्या.

एक डोक्यावर, एक कमरेवर. कोळी थांबून बघू लागले, कोणी टाळ्याही वाजवल्या. मला लाज वाटली, पण पाणी सांडलं नाही. तिसऱ्या खेपेला समोरून हे येताना दिसले, टाय लावलेले, दोन्ही हातांत बादल्या आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. पाणी टाकीत ओतत राहिलो, नंतर खेपा मोजल्या नाहीत.

मालकीण आली. रोझाचे गाल चुंबून थेट नळाशी गेली आणि हात धुवत बसली, दोनदा साबण लावून. आम्ही चौघं त्या धारेकडे बघत होतो. "सगळं ठीक आहे," ती बेप्पेला म्हणाली आणि टॉवेल मागितला. रोझानं माझा हात घट्ट धरला.

अंबरनाथला, आमच्या बुवापाड्यातल्या चाळीत परतल्यावर शेजारणी विचारायच्या, समुद्र केवढा होता? मला आठवायचा तो खोकणारा नळ. तुम्ही कधी अशा बोटीवर राहायला गेलात, तर आधी पाणी कुठून येतं ते विचारा.

पहिल्याच रविवारी मी हंडा घेऊन निघाले, तर यांनी तो हातातून घेतला. चाळीच्या नळावर पुरुष कधीच उभा राहत नसे. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. मग एक शेजारीण म्हणाली, "काय भावोजी, विलायतेला जाऊन हेच शिकून आलाव काय?"

"हो वहिनी. नंबर कुठे लावू?" हे म्हणाले आणि शेवटी जाऊन उभे राहिले.

जिन्यावर अर्धं पाणी सांडलं. उरलेलं घेऊन हे घरात आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "ती चुंबळ आण. हंडा डोक्यावर कसा ठेवतात, ते मला शिकव."