गढीसमोरून, सायकलवर बसूनच

माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड आहे. तीन वर्षांचा असताना तापानं फणफणलो होतो. ताप उतरला तेव्हा पाय वाळायला लागला होता. आमचं घर लोहाराचं. ऐरणीपाशी उभं राहून ज्याला घण मारता येत नाही तो कशाचा लोहार, असं गाव म्हणायचं. मी बसून भाता ओढला, बसून विळ्यांना धार लावली, कंदील आणि कुलपं दुरुस्त करायला शिकलो. भात्यानं माझे दंड असे झाले होते की तालमीतले गडीसुद्धा माझ्याशी पंजा लढवायला यायचे नाहीत.

कंदील-कुलपांचं काम गावात कितीसं मिळणार? ते मिळायचं मुरुमच्या बाजारात, आणि मुरुम आमच्यापासून तीन कोस. दर बाजारी कुणाच्या तरी गाडीत बसून जायचं. गाडीवाला जागा देईल तिथं, कधी कडब्यावर, कधी शेळ्यांत. निजामाचं राज्य होतं, तिकडं दूर लढाई चालू होती, आणि माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. अशात एका गाडीवाल्यानं मला निम्म्या वाटेवर उतरवलं. "बैल दमले. तू उतर," म्हणाला. गाडीत गुळाच्या सहा ढेपा होत्या. त्यांतली एकही त्यानं उतरवली नाही.

काठी टेकत मुरुमला पोचलो तेव्हा बाजार उठत आला होता. शिवेवरच सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. सगळे त्या दुकानदाराला उस्ताद म्हणायचे. साठीचा माणूस, पांढरी दाढी, टोकाला वंगणानं काळी झालेली. मी न विचारता त्यांच्या पायरीवर बसलो. त्यांनी न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुकानामागं उकिरड्याच्या कडेला एका सायकलचा सांगाडा पडला होता. दौऱ्यावरच्या कुण्या साहेबाची विलायती सायकल, साहेब बदलून गेला आणि ती राहिली. चाकं नाहीत, साखळी नाही, आडव्या दांडीवर कोंबडी बसलेली.

"ही चालंल का?" मी विचारलं.

"कौन? सायकल, का तू?"

"दोघं बी."

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी माझा डावा पाय मांडीवर घेतला, घोटा फिरवून पाहिला, गुडघा दाबून पाहिला. एखादं आलेलं चाक तपासावं तसं. मग म्हणाले, "टांग छोटी है तो पायडल ऊंचा करेंगे. टांग कू खींचके लंबी करतें क्या?"

तेवीस वर्षांत माझ्या पायाबद्दल इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

ठरलं असं की आठवड्यातले दोन दिवस मी त्यांच्याकडं राबायचं आणि सांगाडा माझा. पहिले तीन आठवडे नुसता गंज काढण्यात गेले. घासलेटात भिजवायचं, विटेच्या भुकटीनं घासायचं, पुन्हा भिजवायचं. गंजाखालून काळा रंग निघाला, काळ्या रंगाखाली सोनेरी रेघ निघाली, आणि त्या दिवशी मी उगाच दोनदा जेवलो. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला होता, तो तापवून सरळ केला. तीन मोडक्या चाकांच्या तारा उपटून त्यांची दोन चाकं बांधली. चाक बांधणं सोपं. ते डुगडुगणार नाही असं करणं अवघड. एक तार आवळली की समोरची सैल करायची. उस्ताद डोळे मिटून, रिंगला खडू टेकवून चाक फिरवायचे आणि आवाजावरून सांगायचे, "नक्को, अभी भी झूट बोल रई."

लढाईमुळं ट्यूब मिळत नव्हत्या. सोलापुराकडून आणावी तर मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. शेवटी आम्ही जुन्या टायरात काथ्याचा दोर आणि चिंध्या ठासून भरल्या आणि कडा तारेनं शिवल्या. हाडं खिळखिळी व्हायची, पण पंक्चरची भीती नाही.

मग पायाचं काम. डाव्या पायडलवर बाभळीचा चार बोटं जाडीचा ठोकळा बसवला आणि त्याला चामड्याची वादी, पाय बांधून ठेवायला. साध्या सायकलला पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं. उस्तादांनी ती सोयच काढून टाकली, मागचं दातेरी चाक पक्कं जोडलं. आता चाक फिरलं की पायडल फिरणारच. जोर उजव्या पायानं द्यायचा, डाव्यानं नुसती सोबत करायची. पुढचं दातेरी चाक लहान घातलं, म्हणजे चढाला एका पायाचं बळ पुरेल. यात दोन गोष्टी गेल्या. चढायला मला ओटा नाहीतर दगड लागायचा, आणि वादी सोडल्याशिवाय उतरता यायचं नाही. "तू उतरने के वास्ते थोडीच बैठ रहा," उस्ताद म्हणाले.

गावातल्या खळ्यावर शिकलो. बायको मागून कॅरिअर धरायची. पोरं जमायची, मोठीही जमायची, मी पडलो की हशा पिकायचा. चौथ्यांदा पडलो तेव्हा वादीत अडकलेला पाय मुरगळला आणि मी तिच्यावरच खेकसलो. ती म्हणाली, "पडा की. पण हसणाऱ्याकडं बघत पडू नका. समोर बघून पडा." पंधरा दिवसांत तोल आला.

आमच्या गावातून मुरुमला जाणारी गाडीवाट देशमुखांच्या गढीसमोरून जाते. गढीसमोर कुणी वाहनावर बसून जायचं नाही, असा शिरस्ता होता. घोड्यावरून उतरायचं, छकड्यातून उतरायचं, पायातलं काढून हातात घ्यायचं आणि मारुतीच्या पारापर्यंत चालत जायचं. कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नाही. सगळे पाळायचे.

पहिल्या बाजारी मीही पाळला. गढीच्या कोपऱ्यावर थांबलो, वाकून वादी सोडली, काठी सायकलला बांधलेली होती ती सोडली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सायकल, आणि चालू लागलो. निम्म्यावर चाक खड्ड्यात गेलं आणि मी सायकलसकट आडवा झालो. ओट्यावर देशमुख बसले होते. "अरे, लंगड्याला घोडा मिळाला, पण घोड्याला लंगडा झेपंना," ते म्हणाले. शिपाई हसले. मी उठलो. पारावर चढून सायकलवर बसेपर्यंत ते हसत होते. मुरुमपर्यंत मला वाटेतलं एक झाड दिसलं नाही.

चार महिने मी ही सायकल केली ती चालावं लागू नये म्हणून. आणि जिथं सगळं गाव बघतं तिथंच मी चालून दाखवायचं!

पुढच्या बाजारी मी उतरलो नाही. समोर बघून, पायडल मारत, गढी ओलांडली. ओट्यावर कुणी काही बोलेपर्यंत मी पाराशी होतो. मनात म्हटलं, झालं की. संध्याकाळी परत येताना दोन शिपाई वाटेत उभे होते. एकानं कॅरिअर धरून ओढलं. पाय वादीत, मी सायकलखाली. त्यांनी वादी कापली, मला बाजूला लोटलं आणि सायकल उचलून गढीमागच्या पडक्या विहिरीत टाकली. आवाज मी ऐकला.

मग आबांना बोलावणं गेलं. माझे वडील त्या गढीचे नांगर, कुळव, बिजागऱ्या गेली तीस वर्षं करत होते. त्यांनी माझ्यादेखत पटका काढून देशमुखांच्या पायावर ठेवला. घराच्या दारात आबा म्हणाले, "आता झालं समाधान? बस घरी."

"बसणार न्हाय," मी म्हणालो. आबांना मी असं पहिल्यांदाच बोललो.

"सायकल कुठाय तुझी, जायला?"

ते उत्तर बायकोनं दिलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गढी जेवून झोपलेली असताना, ती दोर घेऊन निघाली. मला म्हणाली, "चला. उतरायचं काम माझं, वढायचं तुमचं." विहिरीला कंबरभर पाणी होतं आणि पायऱ्या ढासळलेल्या. ती कासोटा आवळून दगडांच्या खोबणीत बोटं रोवत उतरली. मी काठावर पोटावर पडून दोर धरला. सायकल बांधून तिनं हाक दिली, आणि मी जन्मात ओढलं नाही असं ओढलं. आधी सायकल आली, मग बायको. तिचा गुडघा फुटला होता. पलीकडं गवत कापणाऱ्या बायका विळे थांबवून बघत होत्या. लपवायचं काही कारण नव्हतं. आम्ही सायकल गावातूनच ओढत नेली.

चिमटा पुन्हा वाकला होता, ठोकळा फुटला होता, पायडलचा दांडा पार दुमडला होता. मी अंगणात बसून कामाला लागलो. आबा दोन दिवस पाठ करून काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी मी तो दांडा दगडावर ठोकत होतो. आबा आले, माझ्या हातातून दांडा घेतला, उलटसुलट पाहिला.

"असा मोडंल. गार लोखंडाला कुणी ठोकतं का? भाता मार."

मी भाता मारला. त्यांनी दांडा लाल केला, चार घावांत सरळ केला. मग फुटका ठोकळा पाहिला, एक पट्टी काढली आणि नव्या ठोकळ्याला लोखंडाची कड मढवली. वादीला नीट बक्कल केलं, एका बोटानं सुटेल असं. गढीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

पुढच्या बाजारी बायको म्हणाली, "आज मी मागं बसते." सकाळी दहाचा सुमार असेल. गाडीवाटेवर बाजाराच्या गाड्यांची रांग होती. गढीपाशी पोचलो तर शिपाई वाटेत आडवा. त्याला धडकून उपयोग नव्हता. मी उजवा पाय जमिनीला टेकवला आणि थांबलो. सीटवरच.

देशमुख ओट्यावरून म्हणाले, "उतर."

"सरकार, चालता येत असतं तर सायकल केलीच नसती. म्या उतरणार न्हाय."

"मग उभा राहा तिथंच. बघू किती येळ एका पायावर राहतोस."

मी राहिलो. बायको कॅरिअरवरून उतरली नाही. दोन्ही पाय टेकवून तिनं सायकल मागून सावरून धरली. वाट अरुंद, एका बाजूला गढीची भिंत, दुसऱ्या बाजूला ओघळ. आमच्या मागं एक गाडी थांबली, तिच्यामागं दुसरी. माणसं खाली उतरून बघू लागली. उजवी मांडी थरथरायला लागली, घाम डोळ्यांत गेला. हसायला कुणी तयार नव्हतं. मला वाटतं तिथंच देशमुखांचं गणित चुकलं. ते हशाची वाट बघत होते. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाजार उठंल की, सरकार!" मग आणखी एक. मग एका म्हातारीनं विचारलं, "आरं, त्याचा पाय तरी बघा की रं." देशमुखांनी रांगेकडं पाहिलं. शेवटच्या वळणापर्यंत गाड्या लागल्या होत्या.

"जाऊ दे लंगड्याला," ते म्हणाले आणि आत गेले. शिपाई बाजूला झाला.

पण मला सुरुवात करून द्यायला ओटा नव्हता. दोघं-तिघं पुढं झाले. बायको म्हणाली, "हात लावू नका कुणी." तिनं मागून ढकललं, मी पाय उचलून पायडलवर घेतला, ती पळत आली आणि उडी मारून बसली. सायकल हेलपाटली, मग सरळ झाली.

याची किंमत आबांनी मोजली. गढीचं काम बंद झालं. खळ्यावर आम्हाला बलुत्याचं धान्य घालू नये असा निरोप गावभर फिरला; काहींनी ऐकला, काहींनी बाजारात गाठून आपली कामं मला दिली. वर्षभरानं आम्ही बिऱ्हाड मुरुमला हलवलं. आबा महिनाभर कुरकुरले, मग उस्तादांच्या शेजारी त्यांनी भाता मांडला. वाटेवरचा शिरस्ता त्याआधीच ढिला पडत गेला होता. पुढं निजामाचं राज्य गेलं, तेव्हापासून लोक सांगतात की भारताची फौज आली आणि गढीसमोरची वाट मोकळी झाली. मी दर वेळी भांडतो. फौज यायच्या तीन वर्षं आधीपासून मी त्या वाटेनं बसूनच जात होतो.

राज्य बदललं त्या दिवसांत आणखी एक झालं. हवा मुसलमानांवर उलटली आणि उस्तादांचं दुकान लुटायला दहा-बारा जण आले. त्यांत माझ्या गावचे होते. गढीसमोर आमच्या मागं थांबलेल्या गाड्यांतलेही दोघं होते. मी दुकानाच्या उंबऱ्यात सायकल आडवी घातली आणि तिच्यामागं बसलो. आबा हातात घण घेऊन उभे राहिले. "दुकान माझं हाय," मी म्हणालो. "काय न्यायचं ते माझ्याकडून न्या." मग गावचा एक जण मान खाली घालून निघाला, आणि बाकीचे हळूहळू पांगले.

मी घाबरलो होतो. गढीसमोरही घाबरलो होतो. लोक विचारतात म्हणून सांगतो.

ते गेल्यावर उस्ताद आतून बाहेर आले. डोळे लाल. माझ्याकडं रागानं बघत म्हणाले, "तेरे कू किसने बोला के दुकान तेरी है?" आणि अर्धवट राहिलेलं एक चाक घेऊन त्याच्या तारा आवळत बसले.