दुपट्ट्यातली कंडक्टर

राळेगावच्या मोनालीचा आवाज गाडीच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे, असं तिचा ड्रायव्हर धनसिंग म्हणतो. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे तोच जाणे. मोनाली एसटीत कंडक्टर. खाकी गणवेश, गळ्यात तिकिटाचं मशीन, आणि एप्रिल लागला की डोक्यापासून हनुवटीपर्यंत घट्ट आवळलेला दुपट्टा. डोळे तेवढे उघडे. आमच्याकडच्या उन्हात सगळ्याच पोरी अशा फिरतात. सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळखत नाही, आणि काही पोरींची त्यात सोयच होते.

नोकरीवर तिचा फार जीव. ती हट्टानं मिळवलेली होती, आणि भर गर्दीत दारुड्याला दंडाला धरून खाली उतरवताना तिला जे समाधान मिळे ते कुठल्या सणावारालाही मिळत नसे. पण लग्नाच्या बाजारात याला भाव नव्हता. कंडक्टर म्हटलं की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठत. म्हणून या खेपेला तिच्या उकंडामामानं अक्कल चालवली. पांढरकवड्याच्या स्थळाला त्यानं सांगून टाकलं, पोरगी एसटीच्या ऑफिसात खुर्चीवर बसून काम करते. सोबत फोटो पाठवला तो चुलतबहिणीच्या लग्नातला. त्यात इतकी पावडर होती की धनसिंगनं तो पाहून विचारलं होतं, "हे कोण हाये वो?"

मोनाली मामावर खवळली. पण आई पंचफुला डोळ्याला पदर लावून बसली, तशी ती गप्प झाली. बघण्याचा कार्यक्रम दुपारी होता. सकाळची पांढरकवड्याची फेरी काही चुकणार नव्हती.

परतीच्या गाडीत पांढरकवड्यालाच खच्चून गर्दी झाली. रोजच्या फेरीतली म्हातारी मोतीबाई दांडीला लोंबकळत उभी, आणि बायकांच्या सीटवर एक तरुण खिडकीतून बाहेर बघत बसलेला.

"ओ दादा, उठा! लेडीज सीट हाये ते."

तो एवढा दचकून उठला की मांडीवरची पिशवी खाली पडली. "सॉरी, सॉरी," म्हणत तो सरळ झाला, आणि मोनालीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. स्थळाकडून आलेल्या फोटोतला तोच भांग, तोच जरा बाहेर आलेला डावा कान. राजदीप! दुपारी आईसोबत जीपनं येणारा नवरदेव सकाळीच एकटा गाडीत उभा होता.

"कुठं जाता?"

"राळेगाव. बियाण्याच्या कंपनीत हाये मी," न विचारताच त्यानं सांगितलं. मग आवाज बारीक केला. "ताई, तुम्ही तिकडच्याच का? एसटीच्या ऑफिसात कोणी मोनाली म्हणून हाये म्हणे. कशी हाये पोरगी?"

"बियाण्याच्या कंपनीले पोरगी कायले पाहिजे?"

"माह्या मित्रासाठी पाहून राह्यलो."

दुपट्ट्याच्या आत मोनालीनं ओठ चावला. गणवेशावरची नावाची पट्टीही त्याच्याच टोकाखाली झाकलेली होती. अशी संधी कोणत्या पोरीला मिळते? आणि कढई गॅसवर चढायच्या आधीच नकार कळला तर आईचे पोहे तरी वाचतील, असंही तिच्या मनात आलं.

"मोनाली ना? चांगली वळखते मी तिले. लय भांडकुदळ. अन् ऑफिस-बिफिस काही नाही, कंडक्टर हाये ते, माह्यासारखी. दिवसभर दारुड्याईसंग तोंड वाजवते. मित्राले सांगा, दुसरीकडं पाह्य म्हणा."

आता हा पुढच्या थांब्यावर उतरून उलटी गाडी पकडणार, याची तिला खात्री होती. राजदीपनं मात्र पिशवी खांद्याला अडकवून दांडी धरली.

"बरंच हाये मंग," तो म्हणाला. "मित्राचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाये. लोकं रांग तोडून घुसतात, अन् हा आपला पाहत राह्यते. त्याले घरात कोणीतरी बोलणारं पाहिजेच. थोडा भित्रा हाये तो. आईसमोर त जास्तच."

फॉर्मचं दुकान राजदीपचंच होतं, हे मोनालीला मामानं सांगितलं होतं; ती पुढच्या थांब्याला घंटी मारायची विसरली. आज कंडक्टर मुकी काहून झाली म्हणून धनसिंगनं वळून पाहिलं.

दुपारी जीप दारात आली. जय भीम झाले, पाणी झालं. राजदीप त्याच्या आईच्या, सत्यशीलाबाईंच्या, शेजारी पाय जुळवून बसला आणि म्हणाला, "गाव चांगलं हाये. पहिल्यांदाच आलो मी." आत साडी सावरणाऱ्या मोनालीनं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला.

"खाली पाह्य, अन् विचारलं तेवढंच बोल," मामानं बजावलं होतं. ती पोह्यांचा ट्रे घेऊन मान खाली घालून आली. राजदीपनं तिच्याकडे चोरून पाहिलं. या पावडर लावलेल्या पोरीत त्याला सकाळची कंडक्टर काही दिसली नाही.

मामा रंगात आला. "गाय हाये पोरगी. शेजाऱ्याईनं आजपावतर तिचा आवाज नाही आयकला. ऑफिसातलं काम, तेही लग्न झालं की सोडून देते. शब्द हाये माहा!"

ट्रे मोनालीच्या हातात थबकला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं राजदीपकडे पाहिलं. मामा खोटं बोलतोय हे त्याला सकाळपासून माहीत होतं. तरी तो खाली मान घालून पोह्यातली मिरची बाजूला काढत बसला होता. गाडीत एवढा बोलणारा माणूस इथं तोंड उघडेना. मोनालीला संताप आला, आणि संताप आला म्हणूनच तिला कळलं की तो तिला आवडला होता.

"व्हय का माय?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. "सोडशील ना नोकरी?"

"नाही सोडणार!" तिच्या आवाजानं भांड्यांच्या फळीवरची ताटं वाजली. "अन् मी ऑफिसात नाही. कंडक्टर हाये."

राजदीपच्या हातातला चमचा गळून पडला. "तुम्ही... सकाळच्या गाडीत..."

"सकाळच्या गाडीत?" सत्यशीलाबाईंनी वळून पाहिलं. "तू त दोस्ताच्या वावरात गेलता ना?"

"बियाण्याच्या कंपनीत हायेत ते," मोनाली म्हणाली.

मामाला ठसका लागला. कोणी त्याला पाणी दिलं नाही.

"गाडीत परक्या बाईले जे सांगतलं," मोनाली राजदीपला म्हणाली, "ते इथं आईसमोर सांगा. नाहीतर राहू द्या."

तो बोलला नसता तर तिनं बशा उचलल्या असत्या, उद्या सकाळी गाडीवर गेली असती, आणि कितीतरी दिवस तिला वाईट वाटत राहिलं असतं. राजदीप उठून उभा राहिला. कान लाल झाले होते.

"आई, हे पोरगी नोकरी सोडत असन, त मले हे लग्न नाही करायचं."

सत्यशीलाबाई पोराकडे वळल्या. "अन् पहाटंच्या अंधारात ड्युटी असली त हिले डबा कोण करून देईन?"

"मी."

"तू?"

दाराशी उभी असलेली पंचफुला खुदकन हसली. मोनालीनं ट्रे खाली ठेवला, समोरची खुर्ची ओढली आणि कोणी म्हणायच्या आधीच तिच्यावर बसली. हा प्रश्न आजवर प्रत्येक पाहुण्यानं तिला विचारला होता. आज तिनं तो विचारला.

"काय काय येते करता?"

"वरण-भात," राजदीप म्हणाला. "खिचडी."

"पोळ्या?"

त्यानं केविलवाण्या नजरेनं आईकडे पाहिलं. सत्यशीलाबाईंनी पोह्यांची बशी उचलून मांडीवर घेतली.

"माह्याकडं नोको पाहू. तिनं तुले विचारलं हाये."