एक जूनचा जन्म

दुकानात आले की ते उजवा अंगठा सदऱ्याला पुसत आणि मी काही विचारायच्या आत पुढे करत. "घे पोरी, अंगठा घे." सुकापूरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आधी काम तर सांगा काका, असं मी म्हणेपर्यंत अंगठा मशीनवर टेकलेला असे.

त्यांचा जन्म एक जूनचा. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा जन्म एक जूनचा असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच लावून दिलेली ती तारीख. काका लहानपणी बापाबरोबर मिठागरात राबायचे, शाळेत गेले ते दहाव्या वर्षी. गुरुजींनी वय लिहिलं सहा.

"चार वर्सं बक्षीस दिली गुरुजींनी," असं ते खुशीत सांगत. तळोज्याच्या कारखान्यात बरोबरीचे सगळे निवृत्त झाले आणि हे चार वर्षं जास्त हजेरी लावत राहिले, त्याची केवढी ऐट होती त्यांना! "कागदावर मी अजून लहान हाय," हे त्यांचं पालुपद.

मग हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. खासगी विमावाल्यांनी जुना आजार म्हणून हात वर केले. राज्याच्या योजनेला रेशनकार्ड लागतं. मुलं वेगळी झाली तेव्हा जुन्या कार्डावरून काकांचं नाव कमी झालं होतं आणि नव्या कार्डाचा अर्ज कुठेतरी अडकून पडला होता. राहिलं सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड. त्याला उत्पन्नाची अट नाही, आजार आधीचा असला तरी चालतो. फक्त आधारवर सत्तर पूर्ण हवीत. काका त्र्याहत्तरचे होते. आधारवर एकोणसत्तर.

"अंगठा जुळला ना?"

"जुळला. वय नाही जुळत, काका."

"मंग वय बदल."

पुरावा लागतो, म्हटलं. जन्माची नोंद कुठेच नव्हती. होता तो शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर तीच तारीख. मला त्या कधीच न पाहिलेल्या गुरुजींचा भयंकर राग आला. काकांना नाही आला. त्यांनी दाखल्याची घडी घातली आणि विचारलं, "एक जूनला किती दिस रायले?"

त्यानंतर ते दर आठवड्याला तेच विचारायला येत. "मोठं व्हायची एवडी घाई मला शाळेतपन नव्हती," म्हणून हसत आणि हसताना त्यांना धाप लागे. पुढे दुकानाच्या दोन पायऱ्याही चढवेनात. मग ते खालीच बसत आणि तिथूनच अंगठा दाखवत. मी मशीन घेऊन खाली जाई. त्याचा काही उपयोग नव्हता, पण रिकाम्या हाताने जायला मला जड जाई.

मे महिन्यात काका गेले.

काही दिवसांनी काकी आल्या. मृत्यूचा दाखला लॅमिनेट करायचा होता. त्यांना वाचता येत नाही. मी कागद सरळ करत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "यांचं वय बरोबर टाकलंय ना गो? सगलीकडं चुकीचं लागलंय."

मी पाहिलं. एकोणसत्तर.

"बरोबर आहे काकी," मी म्हणाले आणि कागद मशीनमध्ये सारला.