कात्री मॅडम आणि माझं पाठांतर

कात्री मॅडमनी कुणाचंही वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. शहरातल्या औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. तुम्ही उभं राहून जरा सुरात आलात की समोरून आवाज यायचा, "थांब!" आणि लगेच एखादा भलताच प्रश्न. मुलांनी ठेवलेलं हे नाव त्यांना माहीत होतं. उलट नवीन पोरांना त्याच सांगायच्या, "मला कात्री म्हणतात. सांभाळून बोला."

मी फर्दापूरची. आई लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगड विकायची, दिवसभर उन्हात उभी राहून. शहरातल्या एका पर्यटन कंपनीला परदेशी पाहुण्यांसाठी गाइड हवे होते. मला ती नोकरी मिळाली तर आईला घरी बसवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. गाइड असलेल्या मामाचं सगळं इंग्रजी मी घोकून ठेवलं होतं, त्यामुळे मला आता कशाला क्लास, अशा तोऱ्यातच मी पहिल्या दिवशी उभी राहिले. "दिस इज अ व्हेरी ब्युटिफुल पेंटिंग, सर..."

"थांब! चित्रातल्या राजाच्या मागं कोण उभंय?"

मी गोंधळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा कात्री. पुन्हा "दिस इज अ व्हेरी ब्युटिफुल..." वर्ग खोखो हसत होता. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तुझ्या मामाचं इंग्रजी झालं गं. तुझं कुठंय?" मला असा राग आला की घरी जाताना एसटीत मी रडले. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

मॅडमचा शब्द फळ्यावर यायच्या आधी अंगात यायचा. 'पोश्चर' शिकवायचं तर कमरेवर घागर घेतल्यासारख्या त्या वर्गभर फिरायच्या. 'जेस्चर' म्हणजे रिक्षावाल्याला लांबून नुसत्या हातानं "नाय येत" म्हणायला लावणं. 'इम्प्रोव्हायझेशन' हा शब्द तर माझ्या जिभेवर चढेचना. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडं भीमगीतांचा कार्यक्रम होतो ना? गायक समोर बसलेल्याचं नाव जागच्या जागी कडव्यात घालतो का नाय?"

"व्हय, माझ्या बापाचं बी घातलं होतं!"

"मग? ते त्यानं कुठं पाठ केलं होतं?" लख्ख उजेड पडला डोक्यात! तो लांबलचक शब्द एकदम आमच्या गल्लीतला झाला.

शनिवारी वर्ग रस्त्यावर भरायचा. पिक्चरचं पोस्टर, रिक्षामागची नक्षी, दुकानातल्या पुतळ्याची साडी, जे दिसेल त्यावर तिथल्या तिथं इंग्रजीत बोलायचं. 'नाइस' म्हणायला बंदी. एकदा मला भाजीवाल्याच्या आरोळीवर बोलायला लावलं. मी 'रिदम', 'पॉज', 'व्हॉइस' असं जोरात सुरू केलं, तर तो गाडा सोडून पुढे आला. "क्या बोलरी ये छोकरी मेरे बारे में?"

"आपके आवाज की तारीफ कर री, भाई," मॅडम म्हणाल्या.

"तो भेंडी लेके जाव ना फिर!"

मॅडमनी भेंडी घेतली आणि पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पुढं बोल." काय मजा यायची! घरी जाऊन मी आईच्या दगडांवरही इंग्रजीत बोलायचे आणि आई कपाळाला हात लावायची.

निवड लेण्यातच होती. कंपनीचे साहेब चित्रासमोर उभे राहिले. मी सुरुवात केली आणि त्यांनी हात वर केला. कडेला थाळी घेऊन उभ्या असलेल्या दासीकडे बोट दाखवत त्यांनी इंग्रजीत म्हटलं, "हिच्याविषयी सांगा." मामाच्या पाठात ही बाई नव्हतीच. 'दिस इज अ व्हेरी' तोंडातून निसटलंसुद्धा. मग मी ते तिथंच सोडलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. सगळा भार एका पायावर होता.

"सर, लुक अ‍ॅट हर पोश्चर. शी इज स्टँडिंग सिन्स मॉर्निंग."

"हाऊ डू यू नो?"

"माय मदर स्टँड्स लाइक दिस."

पुढे मी किती आणि काय बोलले ते मला आठवत नाही. साहेबांनी मला एकदाही थांबवलं नाही. नोकरी मिळाली. फोनवर कळवलं तेव्हा मॅडमनी आधी अभिनंदन नाही केलं. "कुठला शब्द वापरलास?" हेच विचारलं, आणि 'पोश्चर' ऐकून अशा ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

गेल्या वर्षी क्लास बंद करून मॅडम लेकीकडे हैदराबादला कायमच्या गेल्या. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. मी आभाराचं भाषण इंग्रजीत तयार करून नेलं होतं. गाडीच्या खिडकीशी उभी राहून दोन वाक्यं बोलले असेन.

"थांब! पाठ केलंस ना?"

सगळे हसले. मला हसू येईना. जे होतं तेच बोलले, "मॅडम, तुमी गेल्यावर मला मधीच कोन थांबवनार?"

"हे तुझं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून माझा हात घट्ट धरून रडायला लागल्या.