काकांचा नंबराचा पत्ता

नल्लकुंट्याच्या माझ्या काकांचा ईमेलचा पत्ता म्हणजे नुसते आकडे. ॲटच्या खुणेपुढं लोक कंपनीचं नाव लिहितात, तिथं यांच्या घरच्या इंटरनेटचा नंबर, तोही चौकोनी कंसात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या कंप्युटरवर स्वतःचं टपालघर, म्हणजे मेल सर्व्हर, थाटलं होतं. हौसेला मोल नसतं. "नाव कशाला भाड्यानं घ्यायचं? आपल्या घराला तरी कुठं नाव आहे? आकडे अन् आडव्या रेघा. पोस्टमन येतोच की," म्हणायचे. हैदराबादच्या माणसाला हे पटतंही, इथले घरांचे नंबर असेच आकड्या-रेघांचे.

त्यांचा मुलगा, माझा चुलत दादा, कॅनडात. काकू गेल्यावर बापलेकांचं असं वाजलं की फोन बंदच झाला. उरला होता हा पत्ता. दिवाळीला तरी दादा चार ओळी लिहायचा. यंदा काहीच आलं नाही. ऑफिसात मेल सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, म्हणून काकांनी मला बोलावलं.

"बघ की बेटा, मशीनच खराब झाली काय की. परेशान झालोय मी."

मी त्यांच्या पत्त्यावर मेल पाठवली, ती परत आली. कितीतरी सर्व्हर नंबराचा पत्ता बघूनच नाक मुरडतात, म्हणून आधी त्यांनाच शिव्या घातल्या. मग काकांच्या मशीनचं एकेक सेटिंग तपासलं. सगळं ठणठणीत. काखेत कळसा अन् गावाला वळसा. शेवटी घरच्या इंटरनेटचा नंबर पाहिला, तर तो वेगळाच. केबलवाल्यानं नवी वायर टाकली तेव्हा नंबरही बदलला होता. घराचा नंबर कधी बदलतो का, म्हणून काकांनी बघितलंच नव्हतं.

"मग त्याचं टपाल कुठं गेलं?"

"जुन्या नंबरावर. तिथं आता दुसरंच कुणी असेल. स्वीकारलं नाही म्हणून दादाकडंच परत गेलं असणार."

काका खाली बसले. मला त्यांच्याकडं बघवेना. मीच दादाला फोन लावून त्यांच्यापुढं धरला, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तूच सांग."

मी स्पीकर लावून सगळं सांगितलं. पलीकडून दादानं विचारलं,

"म्हणजे माझं टपाल बाबांनी परत पाठवलं नव्हतं?"

"अरे दादा, त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं."

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"काय लिहिलं होतंस रे?"