वळलेल्या भिंतीचं माप

“चार बोटं तोकडं,” चनमल्लप्पाने कापडाचं गाठोडं सोप्यात आपटलं. “एक न्हाई, दोन न्हाई, आठच्या आठ तुकडे. डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत हुत्या आन् मी कापडाकडं.”

“दोरी तुमी आणली,” गुरम्मा म्हणाली. ती मशीनवरून उठली नाही. “दोरीवर जेवढं हुतं तेवढं कापलं. वर शिलाईला दोन बोटं जास्त धरलं. म्हंजे खरं तर सहा बोटांचा घोळ हाय.”

“वीस वर्सं ह्याच दोरीवर चाललंय की. कवा चुकली दोरी?”

“आत्ता चुकली.”

“दोरी चुकत न्हाई. कातर चुकती.”

सिद्धम्मा उंबऱ्यात पाय पसरून शेंगा फोडत होती. फोडता फोडता तिने सुनेकडे पाहिलंही नाही. “बाईच्या हातात कातर दिल्यावर आणि काय व्हनार. तुझ्या सासऱ्याला म्या तवाच सांगितलं हुतं.”

तवाच म्हणजे वीस वर्षांपूर्वी, गुरम्माच्या हातात कातर आली तेव्हा. दुधनीहून लग्न होऊन गुरम्मा बाळीवेशीतल्या या घरात आली तेव्हा तिला सोळावं लागलं होतं आणि मराठी धड येत नव्हतं. सासरा मडिवाळप्पा टांग्यांच्या गाद्या करायचा. चार वर्षांनी त्याचा उजवा हात लुळा पडला. तिच्या नवऱ्याला, चनमल्लप्पाला, गिऱ्हाइकाशी बोलायला आवडे, सुई धरायला नाही. म्हाताऱ्याने महिनाभर घरातल्या सगळ्यांचे हात पाहिले आणि एके दिवशी सुनेला मशीनवर बसवलं. डाव्या हाताने खडूच्या रेघा ओढून तो तिला कापायला शिकवायचा. रेघ चुकली की बोलायचा नाही, नुसती पुसायचा. टांगे कमी झाले आणि ट्रक वाढले, तेव्हा पुणे नाक्यावर दुकान झालं. मागोमाग सिनेमाच्या खुर्च्याही आल्या. पण मशीन ज्वारीच्या पोत्यांशेजारी मधल्या घरातच राहिलं. दुकानावर ड्रायव्हर-क्लीनर येतात, तिथे घरची बाई बसणार नाही, हे म्हाताऱ्यानेच ठरवलं होतं. शिकवलं त्याने आणि कोंडलंही त्यानेच.

म्हणून दोरी. चनमल्लप्पा दुकानात सीटवर सुतळी ताणून धरायचा. लांबीला एक गाठ, रुंदीला दोन, आणि जिथे कड फिरवायची तिथे काळा दोरा. संध्याकाळी ती सुतळी घरी यायची, गुरम्मा तिच्यावरून कापायची, शिवायची, आणि सकाळी तयार गवसणी दुकानात जायची. गिऱ्हाईक म्हणायचं, “चनमल्लप्पा, तुझा हात म्हंजे हात हाय.” चनमल्लप्पा हसायचा आणि पानाची पिचकारी टाकायचा. घरी येऊन हे तो सांगायचाही. त्यात आपण काही चोरतो आहोत असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

या वेळचं काम मात्र सीटचं नव्हतं. रेल्वे लाइन्समधल्या दातांच्या डॉक्टर अनसूयाबाईंनी एक जुनी चाकावरची खोली विकत घेतली होती. कोणी परदेशी इंजिनिअर धरणाच्या कामावर आला होता, तो जाताना टाकून गेलेली. जीपच्या मागे जोडायची, आणि बाजाराच्या दिवशी मोहोळला, टेंभुर्णीला नेऊन तिच्यात लोकांचे दात काढायचे, असा बाईंचा बेत. आत भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवरचं कापड ओलीने फुगून फाटलं होतं. खिडक्यांखालच्या सपाट फळ्या उतरवून घरी आणल्या, त्या गुरम्माने कापूस घालून झकास मढवल्या. पण वरच्या आठ फळ्या, जिथे भिंत छताकडे वळते तिथल्या, पापडासारख्या वाळल्या होत्या. काढायला गेलं तर मोडल्या असत्या. त्या जागीच मढवायच्या होत्या. त्यांची दोरी आली होती, आणि त्या दोरीवर कापलेलं कापड आज चार बोटं कमी पडलं होतं.

कापड बाजारातलं असतं तर गोष्ट वेगळी. बाईंनी साखर पेठेतल्या विणकराकडून एकच ताणा लावून पाणेरी रंगाचं जाड कापड विणून घेतलं होतं. त्यातलं आता बाईंकडे दीड वार शिल्लक होतं.

“आता काय करायचं ते ऐक,” चनमल्लप्पा खाली बसला. “उरलेलं दीड वार मी उद्या आणतो. त्याच्या सहा-सहा बोटांच्या पट्ट्या काढ, खाली जोड दे, जोडावर गोट फिरव. कुनाला दिसणार न्हाई.”

“गोट कुटं फिरवायचा?”

“म्हंजे?”

“भिंत वळती कुटं? वळणावर गोट आला तर शोभंल. वर-खाली आला तर ठिगळ दिसंल. वळणाची जागा कंच्या गाठीला हाय ते सांगा.”

“ती उद्या दोरीवर आणतो की.”

गुरम्मा उठली. स्वयंपाकघरातून भाकरीची काथवट घेऊन आली आणि नवऱ्यापुढे पालथी ठेवली. दोरी तिने काथवटीच्या पाठीवरून या काठापासून त्या काठापर्यंत ताणली. दोरी लाकडाला चिकटून बसली.

“ही तुमची ट्रकची सीट. फुगलेली. ताणली तरी दोरी अंगाला लागूनच राहती. म्हणून वीस वर्सं चुकली न्हाई.” तिने काथवट उताणी केली आणि दोरी तशीच दोन काठांवर ताणून धरली. दोरी मध्ये न लोंबता सरळ ताठ राहिली. तिच्याखाली काथवटीचं पोट रिकामं. “ही त्या खोलीची भिंत. आतून बघायची. तुमी वर खिळा ठोकला, खाली खिळा ठोकला, आन् दोरी ताणली. तुमी भिंत मापली न्हाई. हवा मापली.”

चनमल्लप्पाने काथवटीत पाहिलं. त्याला कळलं, हे त्याच्या मानेवरून दिसलं. पण कळणं आणि कबूल करणं यांच्यात त्याच्या घरात नेहमीच मोठं अंतर असे.

“हे आदी सांगायला काय झालं हुतं?”

“भिंत आत वळती हे मला कुनी सांगितलं? मी ती बघितली का? सपाट फळ्या आल्या, मला वाटलं ह्याबी सपाटच. आठच्या आठ तोकडे पडले तवा उमगलं.”

“काथवट ठेव आत,” सिद्धम्मा म्हणाली. “भाकरीचं भांडं हाय ते. सुतळ्या घालती त्यात. साकु साकु, पुरे झालं आता दोघांचं.”

सुनेचं खरं निघालं की सिद्धम्माला दोघांचं पुरे होई. मुलाचं खरं असलं की तिला रात्रीपर्यंत वेळ असे.

तेवढ्यात दारात कोणी खाकरलं. डॉक्टरीणबाईंचा जीपवाला ज्ञानबा होता. मूळचा मोहोळचा. चपला बाहेर काढून तो अदबीने भिंतीशी उभा राहिला.

“मालक, बाईंनी इचारलंय, कवा येणार? परवाचा मोहोळचा बाजार तर गेलाच हातचा. पुढचा तरी गाठायचा म्हनत्यात.”

“उद्या येतो म्हणून सांग,” चनमल्लप्पा घाईने उठला. “कापड तेवढं काढून ठेवा म्हनावं, सकाळी नेतो.”

“तुमी न्हाई वो,” ज्ञानबा म्हणाला. “तुमच्या घरच्या. कापतात त्या. सकाळी तुमीच म्हनला न्हवं, मी तर बरोबर माप दिलं, घरच्या बाईनं कापताना चूक केली? मग बाई म्हनल्या, कापणारी ती असंल तर तिलाच पाठवा. उरलेलं कापड कपाटात घातलंय. म्हनल्या, त्या आल्या की त्यांच्याच हातात देणार, दुसऱ्या कुनाच्या न्हाई.”

 सिद्धम्माच्या हातातली शेंग दाण्यासकट चुरडली.

गुरम्माने नवऱ्याकडे पाहिलं. चनमल्लप्पा खुंटीवरच्या टोपीकडे पाहत होता. वीस वर्षं हात त्याचा होता. सिनेमाच्या तीनशे खुर्च्या झाल्या तेव्हा मालकाने हार घातला तो त्याच्या गळ्यात. आज तुकडा तोकडा पडला, आणि कापणारी बाई घरातून एकदम रेल्वे लाइन्सपर्यंत जाऊन पोचली. तीही बिननावाची. घरची बाई.

“असं बोलला तुमी?” तिने विचारलं.

“बोलण्यात येतं काहीतरी. गिऱ्हाइकापुढं काय सांगणार मानूस?”

“आन् मला पाठवा म्हनल्या ते आत्तापर्यंत सांगितलं न्हाई.”

“सांगून काय तू जाणार हुतीस?”

याचं उत्तर सिद्धम्माने दिलं. “कुटं जाणार न्हाई ती. ज्ञानबा, सांग तुझ्या बाईला, सुनेला बरं न्हाई. ताप हाय.”

“मला ताप न्हाई, आत्याबाई.”

“मग येईल. चनमल्लप्पाची बायकू त्या डब्यात शिरून छताला हात लावत उभी ऱ्हाणार, खाली ड्रायव्हर लोक वर बघणार. बाळीवेशीत तोंड दाखवायला जागा ठेवायची का न्हाई? तुझ्या मामंजींनी घालून दिलेली रीत हाय ती.”

ज्ञानबाने ड्रायव्हर लोकांचा विषय निघाल्यावर आपली नजर जमिनीवर ठेवली होती. ती त्याने उचलली नाही.

“मामंजींनी गिऱ्हाइकाला खोटं सांगायची रीत घालून दिली न्हवती,” गुरम्मा म्हणाली. “चुकली रेघ तर पुसायचे. दुसऱ्याच्या नावावर लावायचे न्हाईत.”

“वर तोंड करून बोलू नको.”

“खाली करून वीस वर्सं बोलले. त्याचं काय झालं ते बघितलं की आत्ता.”

चनमल्लप्पा पुढे आला. आवाज त्याने खाली आणला. तो चिडला की ओरडायचा, पण खरा घाबरला की असा हळू बोलायचा. “गुरम्मा, ऐक. तू तितं गेलीस की उद्या सगळ्या नाक्यावर होतं, चनमल्लप्पाला काय येत न्हाई, बायकू करती. दुकानावर माझं नाव हाय. ते नाव गेलं तर खाणार काय आपण? मी जातो, गोडीत सांगतो, कापड घेऊन येतो. ह्या बारीला दोरी भिंतीला दाबत दाबत मापतो. तू म्हनशील तसं.”

“एका हातानं दाबणार आन् एका हातानं धरणार. वळणावर तिसरा हात कुनाचा?”

“ज्ञानबाला घेतो.”

“दोरीनं हुणारच न्हाई ते. कागद लावायला लागतो. पेपरचे ताव भिंतीला चिकटवायचे, कड दाबून खूण काढायची, तो साचा उतरवायचा. आठ फळ्या हायत, वाळून एकेक कशी वाकली असंल कोण जाणे. आठ साचे लागतील. आन् कापड दीड वार. एक पट्टी वाकडी गेली की संपलं, त्या रंगाचं सूत सोलापुरात न्हाई. ते दुसऱ्यानं मापायचं आन् मी हितं बसून कापायचं, परत चुकलं की परत घरच्या बाईनं चूक केली.”

“म्हंजे तुला नवऱ्याचा भरवसा न्हाई,” सिद्धम्मा म्हणाली.

“मापात न्हाई.”

“मग ऱ्हाऊ दे काम. नको त्या बाईचं काम. तिचं कापड तिला लखलाभ.”

“आठ तुकडे मी कापलेत, त्यातलं कापड काय परत जुळून येणार हाय का? ते काम माझ्या नावावर बिघडलंय. माझ्याच नावावर नीट हुईल.”

सिद्धम्माने शेंगांचं सूप बाजूला सारलं. “घराभाईर पाय टाकलास तर मला तुझ्या हातची भाकरी नको.”

चनमल्लप्पाला वाटलं, आता ती गप्प बसेल. सिद्धम्मालाही तसंच वाटलं. कारण हे वाक्य या घरात दोनदा वापरून झालं होतं आणि दोन्ही वेळा उपयोगी पडलं होतं. एकदा गुरम्माला माहेरी बहिणीच्या लग्नाला चार दिवस आधी जायचं होतं तेव्हा, आणि एकदा ती शेजारणीबरोबर नवी मशीन बघायला निघाली होती तेव्हा.

गुरम्माने काथवट उचलून आत नेऊन ठेवली. मशीनवर झाकण घातलं. पदर खोचलेला होता तो सोडून नीट केला आणि सोप्यात परत येऊन उभी राहिली. ज्ञानबा अजून तिथेच होता.

“ज्ञानबा, बाईंना सांगा, गुरम्मा म्हणून हाय, ती उद्या सकाळी आठला येती. जुने पेपर आन् खळ तयार ठेवायला सांगा. गाडीच्या आत मी काम करीन तवा दुसरं कुनी आत नको.” मग ती घरच्या माणसांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. “मापं मी घेणार, कापणार मी, मढवणारबी मीच. चार दिवस लागतील. चार दिवसांनी दुकानावर बसणार, माप तितंच घेणार, दोरीवर काय कापणार न्हाई. सकाळच्या भाकरी थापून जाईन. आत्याबाईंना नको असतील तर त्यांनी त्यांच्या थापाव्यात.”