इन्सुलिनशेजारची बाटली

सूर्यभानजींनी अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. अकोला-अमरावती गाडीत कोण कुठं चढलं, कुठं उतरणार, सगळं तोंडपाठ. निवृत्तीनंतर मात्र आपल्याच गल्लीत चुकू लागले. कोणी हटकलं की म्हणत, "सहज फिरून राहिलो."

सून हर्षा अमरावतीच्या प्रयोगशाळेत. पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, बशीत वाढवलेल्या उंदराच्या मेंदूपेशींवर घालायचा, हे तिचं काम. पेशींना धागे फुटतात, त्या एकमेकींना निरोप धाडू लागतात. बाई हुशार, पण जेवताना फुशारकी मारायची खोड: यानं गेलेली आठवण परत येईल. "इन्सुलिनही पेप्टाइडच, मामाजी," हे तिनंच सांगितलेलं. आपलं पेप्टाइड माणसावर अजून कोणी वापरलं नाही, तेवढं सांगायचं राहिलं.

त्या रविवारी प्रयोगशाळेची वीज दुरुस्तीसाठी बंद होती. नियम मोडून तिनं पेप्टाइडच्या दोन बाटल्या बर्फात घालून घरी आणल्या आणि ठेवल्या कुठं, तर सासऱ्यांच्या इन्सुलिनशेजारी. दुपारी बघते तर एक रिकामी. ओट्यावर वापरलेली सुई.

"मामाजी, यातलं तुमी टोचून घेतलं का?"

"घ्याचं तं ठरोलं होतं."

"घेतलं का पण?"

म्हाताऱ्यानं सदरा वर करून स्वतःचं पोट निरखलं. रोजच्या टोचण्यांत आजची कोणती कळणार?

"सांडलीबी असन व पोरी." ते कसनुसं हसले. "घेतली असती तं आठवलं असतं ना?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं?"

"औषध नाही."

"उतारा काय याला?"

"माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

नोकरी जाईल हे तिला सुचलंही नाही. त्यांना ठेवून घेतलं. साध्या उचकीलाही ती दचकत होती.

सकाळी सूर्यभानजी उठून बसले, चहा मागितला. मग हळूच म्हणाले, "मले फरक वाटून राहिला. दुसरी कवा देशीन?"

"दुसरी नाही."

"हाय. दोन होत्या. तेवढं आठवते मले."

हर्षानं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "फ्रिजमधली बाटली तिथून हलवा. अन् सुया कुलपात ठेवा. आजपासून मामाजीचं इन्सुलिन मीच टोचीन."

सूर्यभानजींनी ऐकलं. कप तसाच ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.